कारणाच्या रकान्यात ‘गांजा’

इंग्रजी अमदानीत वेड्यांच्या इस्पितळात माणूस दाखल झाला की त्याच्यासोबत एक कागद येई. नाव, वय, जात, गाव, धंदा आणि एका रकान्यात ‘वेडाचे कारण’. हा रकाना बहुतेक वेळा डॉक्टर भरत नसे. माणसाला रस्त्यावरून उचलून आणणारा पोलीस किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतला कारकून तो भरी. सोबत नातेवाईक नसत, माणूस धड बोलत नसे, पण रकाना कोरा ठेवून भागत नसे. मग ‘हा गांजा ओढतो का?’ एवढे विचारले जाई. कुणी ‘हो, कधीमधी’ म्हटले की कारण सापडले. वर्षाअखेर या कागदांची बेरीज होऊन अहवाल निघे, आणि हिंदुस्थानात इतके लोक गांजाने वेडे झाले हा आकडा थेट विलायतेला पोहोचे.

तो आकडा ऐकूनच १८९३ साली ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला आणि सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा. वऱ्हाडचे वेड्यांचे इस्पितळ अमरावतीत होते आणि शेजारी निमाडात, खांडव्याकडे, सरकारी परवान्याने गांजा पिकत होता. म्हणजे हा प्रश्न इथल्या माणसांना परका नव्हता.

आयोगाने केलेली एक गोष्ट आजच्या संशोधकांनाही दखल घ्यावी अशी वाटते. १८९२ या एका वर्षात देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ जणांची नोंद समोर ठेवून, जिथे गांजा, चरस किंवा भांग कारण म्हणून लिहिली होती त्या एकेका प्रकरणाची गावपातळीवर फेरचौकशी करवली. आईबापांना, शेजाऱ्यांना विचारले. तेव्हा बऱ्याच ठिकाणी रकाना खोटा ठरला. कुणी गांजा ओढतच नव्हता, कुणाला वेड आधी लागले आणि गांजा नंतर आला, कुणाच्या घरात आधीच असा आजार होता. चौकशीत टिकणारी प्रकरणे मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे एकूण दाखल माणसांच्या ७ ते १३ टक्के एवढीच निघतात. आयोगाचा निष्कर्षही सरधोपट नव्हता. बेताने घेणाऱ्याला सहसा मानसिक इजा होत नाही. मात्र अति सेवनाने, विशेषतः जिथे मुळात दुर्बलता किंवा आनुवंशिक कल असेल तिथे, वेड लागू शकते, असे आयोगाने म्हटले. जीन्स हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. सव्वाशे वर्षांचे संशोधन फिरूनफिरून त्याच वाक्याच्या आसपास येऊन उभे राहिले आहे.

आज अमरावती किंवा अकोल्यात एखाद्या घरात वीस वर्षांचा मुलगा रात्रभर जागू लागतो, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतो, कुणी नसताना कुणाशी तरी बोलतो. डॉक्टर याला सायकोसिस म्हणतात. वास्तवाची पकड सुटणे, भास होणे, पुराव्याने न हटणारा संशय येणे ही त्याची लक्षणे. हे काही दिवसांत ओसरू शकते, तीव्र उदासीनतेसोबत किंवा बायपोलर आजारात येऊ शकते, किंवा स्किझोफ्रेनियाची सुरुवात असू शकते. पण डॉक्टरपर्यंत जाण्याआधीच घरात आणि गल्लीत कारणाचा रकाना भरून झालेला असतो. उत्तरे तीनच. ‘गांजानं येडा झाला.’ ‘त्याच्या आईकडं आहेच ते.’ आणि खेड्यात अजूनही, ‘पोराले बाहेरचं झालं.’

तिसऱ्या उत्तरावर खूप लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. वऱ्हाडातली कितीतरी कुटुंबे आधी सैलानीला किंवा एखाद्या भगताकडे जातात, मेळघाटात भुमका किंवा पडियाराकडे. त्यांना हसून काही साधत नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ नावाने मुजावर आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्र काम करू लागले. दुव्यासोबत औषधही सुरू राहावे, हा त्यामागचा साधा विचार. खरी अडचण पहिल्या दोन उत्तरांची आहे, कारण ती शास्त्रीय वाटतात. सुशिक्षित माणूसही ती ठणकावून देतो. आणि त्या दोन्हींत अर्धे सत्य आहे.

आधी गांजा. याबाबतचा पहिला मोठा पुरावा स्वीडनमधून आला. तिथे लष्करी भरतीच्या वेळी तरुणांना अमली पदार्थांबद्दल विचारले जाई. स्वेन आंद्रेआसन आणि सहकाऱ्यांनी अशा ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षांचा माग काढला आणि १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचा धोका न घेणाऱ्यांच्या सहापट निघाला. ‘सहापट’ हा शब्द जगभर गाजला. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. एवढा गांजा घेतलेल्या शंभरातल्या साधारण तिघांना स्किझोफ्रेनिया झाला, सत्त्याण्णव जणांना झाला नाही. आणि आजार झालेल्या एकूण तरुणांत बहुतेकांनी गांजाला हातही लावलेला नव्हता.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकत्र सांगणे अवघड जाते. शाळेत व्यसनमुक्तीचे भाषण देणारा पाहुणा पहिली सांगतो, पानटपरीवरचा मित्र दुसरी. ‘माझा मामा वीस वर्षं ओढतोय, काय झालं त्याला?’ या प्रश्नापुढे भाषण हरते, कारण मुलाने मामा पाहिलेला असतो आणि भाषणातला वेडा पाहिलेला नसतो. मामाला काही झाले नाही हे मान्य करूनच पुढे बोलावे लागेल.

पुढे बोलण्यासारखे बरेच आहे. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांवर संशोधकांनी जन्मापासून लक्ष ठेवले. २००२ साली त्यांनी मांडले की पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांपैकी दहा टक्क्यांत सव्विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियासारखी लक्षणे दिसली. न घेणाऱ्यांत हे प्रमाण तीन टक्के होते. अठराव्या वर्षी सुरू करणाऱ्यांत फरक बराच कमी होता. म्हणजे किती ओढला याइतकेच केव्हा सुरू केला हे महत्त्वाचे. मेंदूची बांधणी विशी ओलांडल्यावरही चालू असते, आणि त्या बांधणीत शरीर स्वतःच तयार करत असलेल्या गांजासदृश रसायनांचा वाटा असतो. टीएचसी हा गांजातला नशा देणारा घटक त्याच जागी जाऊन बसतो आणि डोपामिनच्या व्यवहारात ढवळाढवळ करतो. साध्या गोष्टीला अवाजवी अर्थ चिकटू लागतो. रस्त्यातला माणूस सहज पाहतो, आणि मनाला वाटते तो मुद्दाम पाहतो आहे.

मार्ता दी फोर्ती यांच्या चमूने २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांची तुलना छापली. रोज गांजा घेणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता तिपटीहून थोडी जास्त, आणि रोज घेतला जाणारा माल दहा टक्के किंवा अधिक टीएचसीचा असेल तर जवळजवळ पाचपट. मालाची ताकद वाढली तसा धोका वाढला. इथे वऱ्हाडापुढे एक साधा प्रश्न उभा राहतो. आंध्र-ओडिशा सीमेकडून रेल्वेने आणि ट्रकने येणारा, अकोला-बडनेऱ्याला अधूनमधून पकडला जाणारा हा गांजा किती ताकदीचा असतो? पकडलेला माल न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. तो गांजा आहे की नाही एवढे ठरले की खटल्याला पुरते, कारण कायदा वजन पाहतो. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोपासून व्यापारी प्रमाण. त्यात टीएचसी किती, हे आरोग्य विभागाने विचारायला हवे. विभागीय प्रयोगशाळा अमरावतीतच आहे. दरवर्षी जप्तीतले काही नमुने मोजून आकडा जाहीर करणे हे फार खर्चाचे काम नव्हे.

गांजाचे सेवन भारतात सरसकट आहे असेही नाही. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार आदल्या वर्षभरात २.८ टक्के लोकांनी भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही घेतले होते. भांग वगळली, जी १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने नुसत्या पानांची असेल तर बंदीबाहेर ठेवली आहे, तर उरतात १.२ टक्के. सरासरी फसवी असते. शिकवणी वर्गांसाठी खेड्यांतून अकोल्यात आलेल्या, खोली करून राहणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांमध्ये काय चालते ते या सरासरीत दिसत नाही.

आता दुसरे उत्तर, घराणे. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे यात शंका उरलेली नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो ऐंशी टक्क्यांच्या आसपास काढला जातो, आणि नेमका हाच आकडा सर्वांत जास्त चुकीचा वाचला जातो. आईला आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता ऐंशी टक्के, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. लोकसंख्येत माणसांमाणसांत या आजाराबाबत जो फरक दिसतो त्यातला किती फरक जीन्समुळे, एवढेच तो सांगतो. एका कुटुंबापुरते बोलायचे तर आकडे वेगळे आहेत. सर्वसाधारण माणसाला आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर शंभरात साधारण नऊ-दहा. म्हणजे रुग्णाच्या शंभर भावंडांपैकी नव्वद ठणठणीत राहतात. अगदी एकसारख्या जुळ्यांतही, जिथे जीन्स सारखेच असतात, एकाला आजार असताना दुसरा निम्म्याहून अधिक वेळा त्यातून सुटतो. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात दोघांनाही आजार असण्याचे प्रमाण ३३ टक्के निघाले. आणि बहुतेक रुग्णांच्या आईवडील-भावंडांत हा आजार कुणालाही नसतो.

हे आकडे वऱ्हाडात लग्नाच्या बैठकीत कुणी मांडत नाही. तिथे ‘त्यांच्याकडे एक येडा आहे’ हे एक वाक्य पुरते, आणि त्या घरातल्या मुलीचे स्थळ मोडते. म्हणून मुलाला अकोल्यात न दाखवता नागपूरला नेतात, ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून. किंवा बहिणीचे लग्न उरकेपर्यंत नेतच नाहीत. इथे ‘आनुवंशिकता’ हा शास्त्रीय शब्द जुन्या कलंकाच्या अंगावर नवा सदरा घालतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ने (२००४) स्किझोफ्रेनिया मराठी घरात नेऊन दाखवला, त्यालाही आता वीस वर्षे उलटली. वधूवर मेळाव्यांची भाषा फारशी बदललेली नाही.

जीन्सबाबतचे विज्ञान या बैठकींतल्या समजुतीपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे आहे. ‘वेडाचा जीन’ असा एक नाहीच. ‘नेचर’मध्ये २०२२ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ७६,७५५ रुग्णांची तुलना केल्यावर जनुकसंचात २८७ जागा स्किझोफ्रेनियाशी निगडित आढळल्या. यातल्या प्रत्येक जागेचा प्रभाव अगदी किरकोळ, आणि त्यांतले बदल थोड्याफार प्रमाणात प्रत्येकाच्याच शरीरात असतात. २२व्या गुणसूत्राचा तुकडा गळणे यासारखे मोठे, पण दुर्मीळ, बदल सोडले तर एखाद्या तरुणाची लाळ तपासून ‘याला होणार’ किंवा ‘होणार नाही’ असे सांगणारी चाचणी आज कुठेही नाही. जाहिरातींना भुलून पैसे घालवू नयेत. डुनेडिनच्याच मुलांवरून २००५ मध्ये एका विशिष्ट जीनचा प्रकार असणाऱ्यांना गांजा जास्त बाधतो, असा शोध मांडला गेला आणि खूप गाजला. पुढच्या अभ्यासांत तो नीट टिकला नाही. विज्ञानात असे होते, आणि होऊ द्यावे लागते.

जीन्सच्या या संशोधनाने गांजाच्या प्रश्नालाही एक वळण दिले. ज्यांच्यात स्किझोफ्रेनियाकडे झुकवणारे जीन्स जास्त असतात, त्यांच्यात गांजाकडे वळण्याचा कलही थोडा जास्त आढळतो. म्हणजे बाण दोन्ही दिशांनी जातो. आजाराची अंधूक सुरुवात झालेली असते, झोप उडालेली असते, बेचैनी असते, आणि मुलगा ती शमवायला पुडी शोधतो. घरच्यांना पुडी दिसते, बेचैनी दिसलेली नसते. १८९२ च्या फेरचौकशीत ‘वेड आधी, गांजा नंतर’ अशी प्रकरणे निघाली होती, ती हीच. म्हणून गांजाचे सगळेच पाप धुऊन निघते असे नव्हे. जीन्सचा हिशेब वजा केल्यावरही गांजाचा स्वतःचा वाटा उरतो, असेच बहुतेक अभ्यास सांगतात. किती उरतो यावर संशोधकांत अजून वाद आहे.

आणि ‘गांजानेच झाले’ हे निदान बरोबर असले तरी घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकावा असे त्यात काही नाही. हा मुद्दा डॉक्टरांनीही जास्त जोराने सांगायला हवा. गांजामुळे झालेला सायकोसिस म्हणजे नशा, ती उतरेल, पोरगा सुधारेल, असे समजून चार गोळ्या खाऊन पुढची तारीख चुकवली जाते. डेन्मार्कमध्ये अशा रुग्णांचा माग काढला तेव्हा गांजामुळे सायकोसिस झाल्याची नोंद असलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराचे निदान झाले. जवळपास निम्मे. पहिला झटका गांजाने आला असेल, तरी त्या मुलाकडे पुढची काही वर्षे लक्ष ठेवावे लागते. कारणाचा रकाना भरला की फाईल बंद होते, आणि नुकसान तिथे होते.

स्वीडन, न्यूझीलंड, डेन्मार्क, लंडन. वरचे सगळे आकडे तिकडचे आहेत. वऱ्हाडाचे काय? बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी सायकोसिस झालेल्यांचे प्रमाण १.४ टक्के आले, आणि उपचाराविना राहिलेले रुग्ण चारांत तीन. मेळघाटात किंवा मूर्तिजापूरकडे हे प्रमाण किती, याला पकडून ठेवावा असा आकडा नाही. जीन्सच्या अभ्यासांचीही तीच गत. त्यांतले रुग्ण मुख्यतः युरोपीय वंशाचे, त्यामुळे त्यावरून तयार केलेला जोखमीचा हिशेब भारतीय माणसाला नीट लागू पडत नाही. चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनने ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांबरोबर दक्षिण भारतीय रुग्णांचा जनुकीय अभ्यास केला. २०१९ मध्ये तो छापला गेला तेव्हा नायसिन या जीवनसत्त्वाच्या चयापचयाशी संबंधित एक जागा पुढे आली. इथल्या माणसांचा अभ्यास केला की इथले प्रश्न दिसतात, याचा हा नमुना.

नायसिन म्हटले की अन्न आले, आणि अन्न म्हटले की मेळघाट. गांजाच्या गदारोळात या बाजूकडे कुणाचे लक्ष जात नाही, पण वऱ्हाडासाठी ही बाजू कदाचित अधिक मोलाची आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडच्या पश्चिम भागात उपासमार झाली. तिच्या ऐन कडाक्यात ज्यांची गर्भधारणा झाली, त्या मुलांत मोठेपणी स्किझोफ्रेनियाचे प्रमाण दुप्पट आढळले. चीनमध्ये १९५९-६१ च्या दुष्काळानंतर आन्हुई प्रांतात असाच दुपटीचा आकडा आला. आईच्या पोटातली उपासमार वीस वर्षांनी मुलाच्या मनात उमटते. धारणी-चिखलदऱ्यातले कुपोषण वर्तमानपत्रांत गेली तीस वर्षे बालमृत्यूंच्या आकड्यांतून येते. जी मुले वाचली आणि आता विशी-तिशीत आहेत, त्यांच्या मनाच्या आरोग्याचे काय, हे कुणी पद्धतशीर विचारलेले नाही. १९७२ च्या दुष्काळात पोटात असलेल्यांबद्दलही नाही. यातून दुपटीचाच आकडा येईल असे कुणी गृहीत धरू नये. डच गर्भवती एका हिवाळ्यापुरत्या उपाशी होत्या, कोरकू बाई कधीकधी आयुष्यभर अर्धपोटी असते. या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पण विचारण्याजोगा प्रश्न असेल तर हा आहे, आणि तो अमरावती जिल्ह्याशिवाय कुठे विचारणार?

असे संशोधन इथे जमणार नाही, हे म्हणणे खरे नाही. ‘विश्राम’ प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून उदासीनतेवर काम झाले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त त्याचे निष्कर्ष आले, आणि उदासीन रुग्णांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. मोजले म्हणून हे कळले. शेतकरी आत्महत्यांमुळे उदासीनतेकडे लक्ष गेले, ते योग्यच झाले. सायकोसिसच्या वाट्याला तसे काही आले नाही. हा रुग्ण मोर्चा काढत नाही, आणि त्याचे घरही त्याच्याबद्दल बोलत नाही.

अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय त्याहून जुने, आणि आता अमरावतीलाही शासकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. मागे नागपूरचे १८६४ चे मनोरुग्णालय आहेच. जनुकांची प्रयोगशाळा लगेच हवी असे नाही. पहिल्यांदाच सायकोसिस घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची एकाच नमुन्यात नोंद झाली तर पाच वर्षांत वऱ्हाडाकडे स्वतःचा आकडा असेल. झोप केव्हा बिघडली, पहिला संशय केव्हा व्यक्त केला, पहिला गांजा कोणत्या वर्षी, दोन्हींत आधी काय, तीन पिढ्यांत कुणाला काय होते, जन्म घरी की दवाखान्यात, जन्मवजन माहीत आहे का, पहिले लक्षण आणि पहिले औषध यांत किती महिने गेले. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत तातडीचा. जीन्स बदलता येत नाहीत, जन्मवजन आता बदलता येत नाही. औषधाविना गेलेले महिने कमी करता येतात, आणि ते जितके कमी तितका रुग्ण सावरण्याची शक्यता जास्त. चेन्नईच्या त्याच संस्थेतल्या डॉ. आर. थारा आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्वद रुग्ण निवडले आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्यांचा पाठपुरावा केला. नव्वद हा आकडा अकोल्यालाही झेपणारा आहे. चिकाटी मात्र तेवढी हवी.

या नोंदींत घरच्यांनी खरे सांगावे असे वाटत असेल तर दोन भीती आधी दूर कराव्या लागतील. एक पोलिसांची. मुलाने गांजा घेतल्याचे डॉक्टरला सांगितले तर केस होईल, या धास्तीने आईबाप तो भाग गाळून टाकतात आणि डॉक्टर अंधारात उपचार करतो. डॉक्टरला सांगितलेली माहिती गोपनीय राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिला आहे. व्यसन जडलेला माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण एनडीपीएस कायद्याचे कलम ६४अ देते. हे कलम ओपीडीच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरात लावलेले असायला हरकत नाही. दुसरी भीती लग्नाची. ती कायद्याने जात नाही. पण ‘शंभरातली नव्वद भावंडे ठणठणीत राहतात’ हे वाक्य डॉक्टरने दर भेटीत उच्चारले, तर निदान घरातल्या घरात ती भीती सैल होईल.

उरलेल्या दहांसाठी करण्याजोगे काम आहे, आणि ते आजच्या ज्ञानावर आजच करता येते. थोरल्याला सायकोसिस झाला, त्याला औषध सुरू झाले, त्याच्यासोबत ओपीडीत चौदा-पंधरा वर्षांचा धाकटा आलेला असतो. पाण्याची बाटली धरून बाकावर बसलेला असतो. त्या दालनात धोका सर्वांत जास्त असलेला आणि अजून आजारी नसलेला माणूस तो आहे. त्याला कुणी काही विचारत नाही, सांगत नाही. गांजा वाईट असतो हे भाषण त्याला नको. तुझ्या मित्रांना कदाचित काही होणार नाही, मामालाही झाले नाही. पण तुझ्या घरात हा आजार आहे, तुझ्यासाठी हा हिशेब वेगळा आहे, आणि निदान विशी सरेपर्यंत तू लांब राहा, असे कुणीतरी पाच मिनिटे त्याच्याशी बोलायला हवे. झोप उडाली, उगाच कुणाचा संशय येऊ लागला तर घाबरू नको, सरळ इथे ये किंवा टेलिमानसच्या १४४१६ वर फोन कर, हेही सांगायला हवे. केसपेपर थोरल्याच्या नावाचा असतो. धाकट्याशी बोलणे झाले की नाही, याचा रकाना त्यावर अजून छापलेला नाही.